वकिलीमुळे प्रदेशाध्यक्षपद? : एका गृहीतकाची तपासणी



'पेट'ची तयारी करणारी एक ज्युनिअर मध्यंतरी भेटायला आली होती. मुक्ताईनगर तालुक्यातली. हातात संशोधन आराखड्याचा कच्चा मसुदा, आणि त्यावर शीर्षक : 'वकिली पार्श्वभूमीचा प्रदेश पातळीवरील पक्षनेतृत्वावर परिणाम : प्रतिभाताई पाटील यांचा अभ्यास'. "दादा, मुलाखतीत टिकेल का हे?"

मी एम.एस्सी.वाला, इतिहास माझा विषय नाही. पण गृहीतक दिसलं की पहिला प्रश्न सवयीने येतो : हे चुकीचं असेल, तर ते आपल्याला कळणार कसं? त्या प्रश्नावर आम्ही दोन तास बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण आराखडा लिहिताना तुमच्यापैकी बरेच जण याच वळणावर अडकतात.

आधी माहिती

प्रतिभाताईंचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेऊन एम.ए., मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी, मग जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली. भारतात स्त्रियांना वकिली करण्याचा हक्क कायद्याने मिळाला १९२३ मध्ये. म्हणजे त्या कोर्टात उभ्या राहिल्या तेव्हा त्या हक्काला चाळीस वर्षंही झाली नव्हती. ही गोष्ट लहान नाही.

१९६२ मध्ये त्या जळगावमधून आमदार झाल्या, वय २७. पुढे १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा सलग चार निवडणुका एदलाबादमधून जिंकल्या. सलग २३ वर्षं विधानसभा. १९८५ मध्ये राज्यसभा, नोव्हेंबर १९८६ ते नोव्हेंबर १९८८ राज्यसभेचं उपसभापतिपद, आणि १९८८ ते १९९० महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद. २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, पण ते आपल्या विषयाच्या पुढचं.

(जाता जाता : एदलाबाद म्हणजेच आजचं मुक्ताईनगर. जुन्या निकालपत्रात 'मुक्ताईनगर' शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही. माझ्या ज्युनिअरचा तिच्याच गावाजवळच्या मतदारसंघात एक आठवडा असाच वाया गेला होता!)

गृहीतक कुठे डळमळतं?

वकील म्हणजे नेता, हे समीकरण आपल्या डोक्यात स्वातंत्र्यलढ्यापासून बसलंय. गांधी, नेहरू, पटेल, सगळे कायदा शिकलेले. १९३६ च्या डिसेंबरमध्ये आपल्याच फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, त्याचे अध्यक्षही बॅरिस्टर नेहरूच.

पण आता तुलना करून बघा. पवारांच्या पुलोद सरकारच्या काळात, जुलै १९७९ ते फेब्रुवारी १९८०, प्रतिभाताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. १९८० च्या निवडणुकीनंतर सत्ता इंदिरा काँग्रेसकडे आली आणि मुख्यमंत्री झाले बॅरिस्टर अंतुले. जानेवारी १९८२ मध्ये ते गेले, आले बाबासाहेब भोसले, तेही बॅरिस्टर. उलट वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, पण ते प्रदेशाध्यक्षही झाले आणि मुख्यमंत्रीही.

म्हणजे पद मिळालेल्यांकडे वकिली आहे, पद हुकलेल्यांकडेही आहे, आणि वकिली नसलेल्यालाही पद मिळालंय. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर हा घटक दोन्ही नळ्यांमध्ये सारखाच आहे, त्याने रंगातला फरक समजावता येत नाही. वकिलीचा उपयोग झाला नसेल असं मी म्हणत नाही. सभागृहात बोलायला, कायद्याचा मसुदा वाचायला झालाच असेल. पण प्रदेशाध्यक्षपदाचं कारण म्हणून ती एकटी पुरत नाही.

मग "खान्देशची म्हणून मिळालं" असं म्हणावं का? तिथेही सावध राहा. धुळ्याचे उत्तमराव पाटील १९५७ मध्ये जनसंघाकडून लोकसभेवर गेले, पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात होते, आणि १९८० मध्ये भाजपचे महाराष्ट्राचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले. शेजारचे दोन जिल्हे, दोन प्रदेशाध्यक्ष, पण दोन वेगळे पक्ष आणि दोन वेगळे रस्ते. दोन उदाहरणांवर प्रदेशाचा नियम बांधता येत नाही.

दावेदारी शोधायची कुठे?

आराखड्यात एक शब्द सारखा येत होता : 'दावेदारी'. मी विचारलं, कोणत्या निवडणुकीतली? ती गप्प.

१९७२ नंतर काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुका जवळपास दोन दशकं झाल्याच नाहीत. त्या झाल्या थेट १९९१-९२ मध्ये, नरसिंह रावांच्या काळात. त्यामुळे १९८८ मध्ये प्रदेशाध्यक्ष दिल्लीतून नेमला जायचा. अर्ज, मतपत्रिका, मोजणी असं काही नाही. जिथे मतदानच नाही, तिथे दावेदारीची कागदपत्रं मिळणार कुठून?

तरी पद नावापुरतं होतं असं समजू नका. १९८५ मध्ये प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमलं, तर नाराज वसंतदादांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. एका नेमणुकीवरून मुख्यमंत्री जातो, इतकं तिचं वजन.

आता १९८८ कडे या. पवार १९८६ च्या शेवटी काँग्रेसमध्ये परतले आणि जून १९८८ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी प्रदेशाध्यक्षपद आलं प्रतिभाताईंकडे. नऊ वर्षांपूर्वी पवारांच्या सरकारसमोर विरोधी पक्षनेत्या म्हणून बसलेली व्यक्ती आता पवार मुख्यमंत्री असताना पक्षाची प्रमुख! मला यात समतोल साधण्याचा हिशेब दिसतो. पण हा माझा अर्थ आहे, पुरावा नाही. आराखड्यात या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. पदांच्या तारखा हा पुरावा, आणि 'निष्ठावान', 'तडजोडीच्या उमेदवार' ही नंतर लावलेली लेबलं.

आणि निकाल?

१९८५ च्या विधानसभेत काँग्रेसला १६१ जागा होत्या. १९९० मध्ये त्या १४१ झाल्या. २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ लागतात. पवार पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण अपक्षांच्या मदतीने. आणि प्रतिभाताईंनी चारदा जिंकलेल्या एदलाबादमधून त्याच निवडणुकीत भाजपचे एकनाथ खडसे पहिल्यांदा निवडून आले. पुढची २९ वर्षं तिथले आमदार तेच राहिले.

याचा दोष प्रदेशाध्यक्षांच्या माथी मारणं सोपं आहे, पण तेही घाईचं. युतीने तेव्हा राज्यभर मुसंडी मारली होती, शिवसेनेला ५२ आणि भाजपला ४२ जागा मिळाल्या. प्रश्न विचारायचा तो असा : नेमणुकीने आलेल्या अध्यक्षाच्या हातात तिकीटवाटपापासून प्रचारापर्यंत नेमकं किती असायचं? हा प्रश्न तपासता येतो. त्या काळातली वर्तमानपत्रं, विधानसभेच्या कामकाजाचे अहवाल, तेव्हाच्या तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती, हे सगळं अजून हाताशी आहे. कार्यकर्ते मात्र आता सत्तरी-ऐंशीत आहेत, तेव्हा घाई करायची असेल तर ती इथे करा.

ज्युनिअरने शीर्षक बदललं. नवं शीर्षक : 'अंतर्गत निवडणुकांविना पक्षनेतृत्व : महाराष्ट्र प्रदेश काँग्रेस, १९७२ ते १९९२'. प्रतिभाताई आता त्यातलं एक प्रकरण आहेत, आणि त्यांची वकिली त्या प्रकरणातला एक परिच्छेद. जाताना म्हणाली, "दादा, पहिलं शीर्षक जास्त भारी वाटत होतं."

होतंच. म्हणून तर त्यात अडकायला होतं.