उतारवयातील लठ्ठपणाची शस्त्रक्रिया : वजन घटते, पण नेमके काय घटते?

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजनकाट्यावरील आकडा झपाट्याने खाली येतो. काट्याला मात्र चरबी आणि स्नायू यांतील भेद कळत नाही, आणि साठी ओलांडलेल्या रुग्णाच्या दृष्टीने तोच कळीचा असतो.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीयांच्या अंगी स्नायूंची शिल्लक मुळातच कमी असते. त्यात तिशीनंतर दर दशकात ती आणखी घटत जाते.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. आहार एकदम आक्रसतो. पोटातील अवयवांभोवतीची चरबी लवकर वितळते, त्यामुळे मधुमेह आटोक्यात येऊ लागतो. हा लाभ ज्येष्ठांनाही मिळतो. परंतु उतरलेल्या वजनाचा साधारण पाव ते एक-तृतीयांश हिस्सा चरबीव्यतिरिक्त घटकांचा असू शकतो. तो सगळाच स्नायूंचा नव्हे, त्यात पाणीही येते. ही घट पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते. भार हलका झाल्याने चालणे सुधारते, हेही खरे. पुढे वजन पुन्हा वाढले, तर परततो तो बहुतांशी मेद. गेलेले स्नायू त्या प्रमाणात परतत नाहीत.

हाडांची झीज अधिक छुपी असते. बायपासनंतर कॅल्शियमचे शोषण मंदावते आणि वजन स्थिरावल्यावरही झीज चालू राहू शकते. म्हणून कॅल्शियम, 'ड' आणि 'ब-१२' जीवनसत्त्वे दीर्घकाळ घ्यावी लागतात.

प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम पोटात जावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. आपल्याकडे आजारी माणसाला पेज देण्याची जुनी रीत आहे. पण लहानशा जठरात पेजेने जागा अडवली, तर अंडे, मासळी किंवा डाळ कुठे मावणार?

शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर डेक्सा तपासणी करून घ्यावी. हाताच्या पकडीचे मोजमाप तर त्याहून सोपे : आशियाई निकषांनुसार पुरुषांत २८ किलो व स्त्रियांत १८ किलोंखालील पकड दुर्बलतेची खूण मानतात. आणि नुसते चालणे पुरत नाही. झेपेल तेवढे वजन उचलण्याचा व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठणेदेखील, डॉक्टरांच्या अनुमतीने लवकर सुरू करावा.