गुरुग्राम आणि खांडववनाचा वणवा

* गुरुग्राम : द्रोणाचार्यांना मिळालेले गाव, अशी लोकश्रद्धा. २०१६पासून हेच अधिकृत नाव. परंपरेने महाभारतातले खांडववनही याच मुलखातले, यमुनाकाठचे. कार्ल जेंकिन्स यांच्या ‘द आर्म्ड मॅन : अ मास फॉर पीस’ (लंडन, २०००) या वाद्यवृंदासह गायच्या समूहगानात त्या वनाचा वणवा आहे. कोसोवोच्या युद्धबळींना अर्पण केलेल्या या रचनेत अजानही आहे. ‘टॉर्चेस’ या भागाचे शब्द आदिपर्वातले : होरपळत सैरावैरा धावणारी जनावरे. त्याआधी हिरोशिमाच्या अणुबॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या तोगे सांकिची यांची कविता, पाठोपाठ ‘आग्नुस देई’, म्हणजे जगाची पापे वाहणाऱ्या कोकराची, ख्रिस्ताची, करुणा भाकणे. आपण खांडवदाह कृष्णार्जुनांचा पराक्रम म्हणून ऐकत आलो. इथे तो जळणाऱ्यांच्या बाजूने ऐकू येतो, आणि रचनेचा गाभा मला तिथेच दिसतो. — संपा.