घर खाली करण्याची नोटीस (महाराष्ट्र)

घरमालकाने भाडेकरूला ताबा सोडण्यास लेखी कळवणे. नुसत्या नोटिशीने घर सोडावे लागत नाही. त्यासाठी न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. हे ठाऊक नसल्याने घाबरून घर सोडणे भाडेकरूला फार महागात पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार थकबाकीच्या नोटिशीनंतर 90 दिवस उलटल्याशिवाय ताब्याचा दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळ व्याज व खर्च न्यायालयात भरून पुढे नियमित भाडे दिल्यास या कारणावरून घर जात नाही. म्हणून भाडेपावत्या जपाव्यात. मालकाने स्वतःची गरज पुढे केली, तर ती वाजवी व प्रामाणिक असल्याचे त्यालाच सिद्ध करावे लागते. शिवाय अधिक हालअपेष्टा कोणाच्या, हे न्यायालय तोलते. भाडेकरूची खरी बाजू इथेच मांडली जाते. मुंबईत हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात; अपिलाची मुदत 30 दिवस. दबावासाठी पाणी-वीज तोडल्यास ती पूर्ववत करण्याचा आदेश मागता येतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही. मुदत संपल्यावर त्यांचे प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यापुढे झटपट चालते.