कपाशीच्या पात्यातील जनुकांची देवाणघेवाण

पारोळा, अमळनेर, धरणगाव या खान्देशातील कोरडवाहू पट्ट्याचे अर्थकारण कपाशीभोवती फिरते. संकरित वाणाची सरकी घरी राखून पुढील वर्षी पेरली, तर शेतात एकसारखे पीक उभे राहत नाही. काही झाडे उंच, काही खुजी. कुठे बोंड मोठे, तर कुठे धागा आखूड. म्हणूनच शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते. या विषमतेचे मूळ फूल उमलण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी, काही मिलिमीटर लांबीच्या कोवळ्या पात्यात दडलेले असते.

या पात्यातील परागकोशात परागकण तयार होण्यापूर्वी पेशींचे अर्धगुणसूत्री विभाजन होते. आईकडून व बापाकडून आलेली समान गुणसूत्रे या वेळी जोडीने एकत्र येतात. त्यांतील डीएनएचे धागे ठरावीक प्रथिनांच्या साहाय्याने तुटतात आणि काही ठिकाणी परस्परांशी जोडले जातात. गुणसूत्रांच्या तुकड्यांची ही अदलाबदल म्हणजे जनुकीय पुनर्संयोजन होय. बीजांडातही हीच क्रिया घडते. त्यामुळे प्रत्येक सरकीत जनुकांची जुळणी निराळी असते.

या क्रियेच्या अभ्यासाची सर्वांत जुनी पद्धत सूक्ष्मदर्शकाची आहे. कोवळी पाती तीन भाग अल्कोहोल व एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवतात. नंतर परागकोश काचपट्टीवर रंगद्रव्यात चिरडून गुणसूत्रे पाहिली जातात. जोडीतील गुणसूत्रे जेथे एकमेकांत गुंतलेली दिसतात, तेथे अदलाबदल झालेली असते. हे गुंते मोजले की एका पेशीत पुनर्संयोजन किती वेळा घडले, याचा अंदाज येतो. बेल्जियमचे शास्त्रज्ञ यान्सेन्स यांनी १९०९ मध्ये हा संबंध सुचविला. पुढे १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यावर प्रयोग करून जनुकांबरोबर गुणसूत्राचे तुकडेही बदलतात, हे सिद्ध केले.

कपाशीत या पद्धतीने एक महत्त्वाचा उलगडा झाला. पाणीटंचाई आणि रसशोषक किडी यांना तोंड देणाऱ्या देशी कपाशीत २६ गुणसूत्रे असतात, तर लांब धाग्याच्या अमेरिकन कपाशीत ५२. दोहोंच्या संकरात ३९ गुणसूत्रे येतात. त्यांपैकी साधारण १३ जोड्या जुळतात आणि १३ गुणसूत्रे एकटी राहतात. परिणामी हे झाड बहुतांशी वांझ निघते. मात्र ज्या जोड्या जुळतात, त्या देशी कपाशीचा काटकपणा अमेरिकन कपाशीत आणण्याची वाट दाखवितात. गुणसूत्रे दुप्पट करणारे कोल्चिसीन हे रसायन वापरून वांझपणाचा अडसर दूर करता येतो.

दुसरी पद्धत संततीच्या मोजणीची. दोन गुणांत भिन्न असलेल्या वाणांचा संकर करून, तो दोन्ही गुणांत अप्रभावी असलेल्या वाणाशी पुन्हा फुलवितात. मिळालेल्या १०० रोपांपैकी ८ रोपांत गुणांची नवी जुळणी आढळली, तर त्या जनुकांतील अंतर ८ सेंटिमॉर्गन मानले जाते. डोळ्यांना दिसणाऱ्या गुणांऐवजी आता डीएनएवरील खुणा वापरतात. देशी कपाशीचा जनुकसंच २०१४ मध्ये, तर अमेरिकन कपाशीचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्याने ही मोजणी अधिक अचूक झाली.

अशा अभ्यासांतून आढळले, की अदलाबदल गुणसूत्राच्या टोकांकडे अधिक आणि मध्यबिंदूजवळ फारच कमी होते. हवा असलेला गुण तेथे नको असलेल्या गुणाला चिकटून असेल, तर ती जोडी फोडण्यासाठी हजारो रोपे तपासावी लागतात. नवे वाण तयार होण्यास वर्षे लागतात, त्याचे हे एक कारण.

विभाजनाच्या या नियमाची किंमत खान्देशने अलीकडे मोजली आहे. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. येथील बीटी वाण संकरित आहेत. सुरुवातीच्या एकजनुकी वाणांत बीटी जनुक सहसा एकाच पालकाकडून येत असे. त्यामुळे बोंडातील चारपैकी साधारण एका सरकीत ते उतरत नसे. सरकी खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीला विषारी व निर्विष असे मिश्र खाद्य मिळाले आणि तिच्यातील प्रतिकारशक्ती वाढण्यास मदत झाली, असे शास्त्रज्ञ मानतात. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना या अळीचा मोठा फटका बसला.

याउलट जळगावची केळी. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्याने विभाजन नीट होत नाही आणि बीही धरत नाही. तिची लागवड कंदापासून किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून होते, म्हणून बाग एकसारखी राहते. पण रोग आला तर तोही साऱ्या बागेला सारखाच ग्रासतो. कपाशीतील विषमता शेतकऱ्याला खर्चात टाकते खरी. परंतु नव्या वाणाची आशाही त्याच विषमतेत आहे.