अपयशानंतरची रिकामी घटका

मम्मटानें काव्याचीं कारणें सांगतांना शक्ति, निपुणता व अभ्यास या तिहींची सांगड घातली. पुढें जगन्नाथ पंडितानें ती मोडून एकट्या प्रतिभेसच तो मान दिला. हा वाद संस्कृताच्या वर्गांत पुष्कळांनीं परीक्षेपुरता पाठ केला असेल. परंतु बुद्धि उपजत कीं श्रमसाध्य, याविषयीं प्रत्येक समाजाची अशीच एक मुकी समजूत असते, आणि ती मुलांच्या सुखदुःखांत शिरते, हें प्रयोगानें दिसण्यास मात्र विसावें शतक सरत यावें लागलें.

१९८० नंतरच्या दशकांत हॅरॉल्ड स्टीव्हन्सन व जेम्स स्टिग्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं मिनिआपोलिस, सेंदाई व तैपेई या शहरांतील शाळा व घरें अभ्यासिलीं. अमेरिकन माता मुलाच्या यशापयशाचें कारण उपजत बुद्धींत अधिक पाहत. जपानी व तैवानी माता श्रमांत. १९९२ च्या त्यांच्या ग्रंथामुळें ही तुलना गाजली.

याहून मार्मिक प्रयोग स्टीव्हन हाइन व त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केला. कॅनडांतील व जपानांतील विद्यार्थ्यांस सृजनशक्तीची परीक्षा म्हणून शब्दांचीं कोडीं दिलीं: तीन शब्द द्यावयाचे, तिहींशीं जुळणारा चौथा शोधावयाचा. कांहींस सोपीं, कांहींस मुद्दाम कठीण, म्हणजे अपयश ठरलेलेंच! मग यंत्र बिघडल्याचें निमित्त करून विद्यार्थ्यास एकटें सोडलें, आणि तसलींच नवीं कोडीं तो किती वेळ हातीं धरतो तें गुपचूप मोजलें. कॅनडाचा विद्यार्थी जिंकला असतां अधिक रमला. जपानी विद्यार्थी हरला असतां. एकास आपली देणगी पाहण्यांत सुख, दुसऱ्यास आपलें उणें भरून काढण्यांत. हा रक्ताचा गुण म्हणावा, तर त्याच अभ्यासमालेंत अमेरिकन विद्यार्थ्यांस हें कौशल्य श्रमसाध्य आहे असें सांगतांच तेही अपयशानंतर अधिक टिकले.

त्या वेळीं विद्यार्थ्याच्या खिशांत स्मार्टफोन नव्हता. जपानांत १९९९ पासूनच फोनवर इंटरनेट आलें होतें खरें. पण सारी करमणूक एका तळहातांत आली ती २००७ नंतर. श्रमावर श्रद्धा ठेवणाऱ्या समाजाची यापुढें कशी त्रेधा उडाली, तें दक्षिण कोरियांत पाहावें. नोव्हेंबर २०११ पासून तेथें सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीपासून सकाळीं सहापर्यंत संगणकावरील इंटरनेटचे खेळ कायद्यानें बंद झाले. हेतु मुलांची झोप वांचविण्याचा. गंमत अशी, कीं फोनवरील खेळ त्यांतून वगळलेले होते! खेळच तिकडे गेले, आणि जानेवारी २०२२ मध्यें कायदा उठला. ऑगस्ट २०२५ मध्यें मात्र त्याच देशाच्या विधिमंडळानें वर्गांतील फोनवर बंदीचा कायदा संमत केला.

फोननें मुलें दुःखी होतात काय, याचें उत्तर इतकें सरळ नाहीं. एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनीं २०१९ मध्यें साडेतीन लाखांहून अधिक ब्रिटिश व अमेरिकन किशोरांची माहिती पडताळली, तेव्हां मनःस्वास्थ्यांतील फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग अशा यंत्रांच्या वापराशीं जुळला. आम्हांस हा आंकडा खोटा नव्हे, अपुरा वाटतो. कारण सरासरींत हरलेलें मूल व जिंकलेलें मूल एकाच रांगेंत बसतात. हाइन यांचा प्रयोग आज पुन्हां करावा, तर त्या रिकाम्या घटकेंत कॅनडाचा विद्यार्थी फोन काढील आणि जपानचाही काढील; मग मोजावयाचें तें एवढेंच, कीं त्यांपैकीं कोण किती वेळानें कोड्याकडे परततो.