चहावाल्यांचा देव आणि तीन पायांचा बेडूक

आजचा विषय अक्षरशः मुठीत मावेल एवढा आहे. चीनमध्ये, विशेषतः दक्षिण फूज्यान आणि छाओचौच्या भागात, चहा करायची 'गोंगफू' नावाची पद्धत आहे. त्यात चहाच्या तबकावर छोटी किटली आणि छोटे पेले असतात, आणि त्यांच्या शेजारी मातीचा कुणीतरी बसलेला असतो. तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक, ढेरपोट्या हसरा बुद्ध, कासव, डुक्कर. पत्ती धुतलेलं पहिलं पाणी आणि पेल्यात उरलेला चहा त्याच्या डोक्यावर ओततात. तबकाला फटी असतात, त्यातून पाणी खाली जातं. याला म्हणतात 'चाछोंग'. 'चा' हा शब्द तुम्हाला सांगायला नको. 'छोंग' म्हणजे लाड. थोडक्यात, चहाचा लाडोबा.

आता ही माती कुठली? च्यांगसू प्रांतात ताय सरोवराच्या पश्चिमेला यीशिंग म्हणून गाव आहे. तिथल्या मातीला 'झिशा' म्हणतात, शब्दशः जांभळी वाळू. ती साधारण 1100 ते 1200 अंशांवर भाजतात आणि वर झिलई देत नाहीत. झिलई नसल्यामुळे चहाचा अंश अंगावर बसत जातो आणि काही वर्षांत मूर्तीला एक मऊ चमक येते. या प्रक्रियेला चिनीत क्रियापद वापरतात 'यांग', म्हणजे पोसणं, वाढवणं. मुलाला वाढवतात तेच क्रियापद. किटलीलाही तेच. म्हणून मूर्ती विकत घेतली तरी काम संपत नाही, तिथून सुरू होतं.

दुकानदार तुम्हाला सांगेल की ही फार प्राचीन परंपरा आहे. इथे जरा थांबू या. 1391 साली मिंग घराण्याच्या होंगवू सम्राटानं दरबाराला नजराणा म्हणून येणाऱ्या दाबलेल्या चहाच्या वड्या बंद केल्या आणि सुट्या पत्तीचा चहा मागवायला सुरुवात केली. वडी कुटून, पूड घुसळून पिण्याची रीत मागे पडली, पत्ती भिजवायला किटली लागायला लागली. यीशिंगचं नशीब उघडलं ते त्यानंतर, सोळाव्या शतकात. पुढे शी दाबिनसारखे कारागीर किटलीवर स्वतःचं नाव कोरायला लागले. कांगशी सम्राटाच्या काळात छन मिंगयुआन याने याच मातीत अक्रोड, शेंगा, शिंगाडे असे हुबेहूब घडवले. पण ती विद्वानांच्या मेजावर ठेवायची शोभेची वस्तू. तिच्या डोक्यावर कुणी उष्टा चहा ओतत नव्हतं. त्यामुळे माती जुनी म्हणून बेडूकही तेवढाच जुना, हा हिशेब चालणार नाही.

मग चहाच्या मूर्तीवर पाणी ओतण्याचा जुना पुरावा आहे का? आहे, आणि तो यीशिंगच्या किटल्यांपेक्षा सातशे वर्षं आधीचा आहे. मला आज खरं तर तेच सांगायचं आहे.

'चा जिंग' हा चहावरचा पहिला ग्रंथ लिहिणारा लू यू, इसवी सन 733 ते 804. अनाथ पोर, मठात वाढलेलं, तिथून पळून नाटक मंडळीत विदूषकाचं काम केलेलं. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांनी ली झाओ नावाच्या अधिकाऱ्यानं तांग काळातल्या आठवणी आणि किस्से नोंदवून ठेवले. तो सांगतो की हनानमधल्या गोंगश्यानचे कुंभार चिनीमातीची एक बाहुली करतात आणि तिला 'लू होंगज्यान' म्हणतात. हे लू यूचंच दुसरं नाव. चहाची भांडी घाऊकीत घेतली की ही बाहुली वर मिळायची. म्हणजे आजची 'फ्री गिफ्ट' योजनाच! आणि पुढे ली झाओ लिहितो, चहावाल्याचा धंदा बसला की तो या बाहुलीवर पाणी ओततो.

हे ओतणं म्हणजे काय? शिक्षा की पूजा? बरेच अभ्यासक शिक्षा मानतात. मला वाटतं मराठी माणसाला हा प्रश्न तितका अवघड जाऊ नये. आपण 'देव पाण्यात घालून बसलोय' म्हणतो तेव्हा नक्की काय करत असतो? पाऊस ओढ देतो तेव्हा महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून टाकतात. चीनमध्येही दुष्काळात ड्रॅगनराजाची मूर्ती उन्हात नेऊन ठेवत, बघ म्हणावं कसं वाटतं. त्यात भक्तीही असते आणि धमकीही, वेगळी काढता येत नाही. तू देव आहेस ना, मग काम कर.

पुढची गंमत बघा. 1060 मध्ये पूर्ण झालेल्या तांग घराण्याच्या नव्या अधिकृत इतिहासात लू यूचं चरित्र आहे. त्यातही चहाविक्रेते त्याची मातीची मूर्ती चुलीपाशी ठेवतात आणि चहाचा देव म्हणून पुजतात असं येतं. पण पाणी ओतायचं? ते गायब! दरबारी इतिहासानं पूजा ठेवली आणि बाजारातली दमदाटी गाळली. त्याच चरित्रात एका बड्या अधिकाऱ्यानं लू यूला चहा करायला बोलावून, त्याचे गावठी कपडे बघून मान दिला नाही, ही गोष्ट मात्र आहे. चिडून त्याने चहाच्या विरोधातच निबंध लिहिला म्हणे. जिवंतपणी अपमान आणि मेल्यावर डोक्यावर पाणी, बिचारा.

लू यूची बाहुली आणि आजचा बेडूक यांच्यात सलग वंशावळ मांडता येत नाही, मी मांडणारही नाही. पण बेडकाकडे नीट बघा. तोंडातलं नाणं कशासाठी आहे? बरकतीसाठी. विद्वानांच्या अक्रोडापेक्षा तो चहावाल्याच्या बाहुलीचा जवळचा नातेवाईक आहे. आणि दोन्हींच्या कर्त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. नाव कोरलं गेलं ते किटलीवर.

आणखी एक. 'मुतणारा पोरगा' म्हणून एक पोकळ बाहुला मिळतो. तो आधी गरम पाण्यात, मग गार पाण्यात बुडवायचा, म्हणजे पोटात थोडं पाणी शिरतं. मग डोक्यावर उकळतं पाणी ओता. आतली हवा फुगते आणि धार उडते. 2016 मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये व्हिन्सेंट ली आणि डॅनियल अटिंगर यांनी यावर शोधनिबंध लिहिला. पाणी चहाइतकं तापलंय का, हे धारेवरून कळतं. हा गॅलिलिओच्या उष्णतादर्शकाच्याही आधीचा असेल का, असंही त्यांनी सुचवलं. भौतिकशास्त्र पक्कं आहे, इतिहास तेवढा पक्का नाही. त्यासाठी तारीख ठरलेला जुना बाहुला हातात हवा.

समोरून चिठ्ठी आली आहे: आपला दुधाचा चहा ओतला तर चालेल का? नको. झिलई नसलेल्या मातीत दूध मुरतं, आंबतं आणि वास सुटतो. बेडूक घरी असेल तर त्याला कोरा चहाच द्या, साखरेशिवाय.