अग्निबाणाचे प्रक्षेपण दिसणारे घर : निवड करताना काय पाहावे?

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील ब्रेव्हार्ड काउंटीचा अटलांटिक किनारा ‘स्पेस कोस्ट’ या नावाने ओळखला जातो. केनेडी अवकाश केंद्र आणि केप कॅनाव्हरल स्पेस फोर्स स्टेशन येथून २०२३ मध्ये ७२, तर २०२४ मध्ये ९३ प्रक्षेपणे झाली. एकेकाळी वर्षातून मोजक्या वेळा दिसणारी ही घटना आता आठवड्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा घडते. त्यामुळे ‘प्रक्षेपण दिसणारे घर’ हा तेथील घरखरेदीतील एक नेहमीचा निकष झाला आहे. मात्र प्रक्षेपणाचे दृश्य काही मिनिटांचे असते आणि घराचे कर्ज अनेक वर्षांचे. म्हणूनच दृश्य कशावर अवलंबून असते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हे खरेदीपूर्वी समजून घेणे आवश्यक ठरते.

कोणता तळ, किती दूर?

सर्व प्रक्षेपणे एकाच ठिकाणाहून होत नाहीत. उत्तरेकडे ३९ए आणि ३९बी हे तळ आहेत. ‘अपोलो ११’ १६ जुलै १९६९ रोजी ३९ए येथून झेपावले, तर ‘आर्टेमिस १’ १६ नोव्हेंबर २०२२ रोजी ३९बी येथून. त्यांच्या दक्षिणेस अनुक्रमे ४१, ४० आणि ३६ क्रमांकाचे तळ येतात.

इंडियन नदीच्या पश्चिम काठावरील टायटसव्हिल शहरातून ३९बी सुमारे १८, ३९ए सुमारे २० आणि ४० क्रमांकाचा तळ सुमारे २३ किलोमीटर अंतरावर आहे. मात्र ३६ क्रमांकाचा तळ तेथून ३० किलोमीटरवर पडतो. दक्षिणेकडील केप कॅनाव्हरल शहरातील जेटी पार्क परिसरातून हेच चित्र उलटे दिसते. तेथून ३६ क्रमांकाचा तळ सुमारे ९, ४० क्रमांकाचा सुमारे १७ आणि ३९ए सुमारे २२ किलोमीटरवर आहे. ‘तळापासून जवळ’ असे जाहिरातीत म्हटले असेल, तर कोणत्या तळापासून, हा पहिला प्रश्न विचारावा.

खिडकीची दिशा आणि मजला

टायटसव्हिलमध्ये सर्व तळ पूर्वेकडे येतात, त्यामुळे नदीकडे तोंड असलेले घर उपयोगाचे ठरते. केप कॅनाव्हरल आणि कोको बीच येथे मात्र तळ उत्तरेकडे आहेत. तेथे समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडे उघडणाऱ्या महागड्या सदनिकेतून तळ दिसेलच असे नाही, उलट इमारतीच्या उत्तर टोकाची सदनिका अधिक उपयुक्त ठरते. आग्नेयेकडे जाणाऱ्या उड्डाणांचा पुढचा टप्पा पूर्वेकडील सज्जातून चांगला दिसतो. ऑगस्ट २०२० पासून फ्लोरिडाहून दक्षिण दिशेने, ध्रुवीय कक्षेकडेही पुन्हा प्रक्षेपणे होऊ लागली आहेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे जाणारे प्रक्षेपक मात्र बहुधा ईशान्येकडे वळतात आणि दक्षिणेकडील प्रेक्षकापासून दूर जातात.

उंचीचा प्रश्न पृथ्वीच्या वक्रतेशी निगडित आहे. जमिनीपासून दोन मीटर उंचीवरील डोळ्यांना क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर दिसते. त्यामुळे २० किलोमीटरवरील तळाचा खालचा सुमारे १७ मीटर भाग क्षितिजाआड जातो. डोळे १५ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण पाचव्या मजल्यावर असतील, तर हा झाकलेला भाग अवघा तीन मीटर उरतो. इंजिने पेटतानाचा क्षण पाहायचा असेल, तर वरचा मजला आणि मधल्या झाडीचा अडथळा या दोन्ही बाबी तपासाव्या लागतात. केवळ आकाशात चढणारी ज्वाला पाहायची असेल, तर गच्ची किंवा मोकळे अंगणही पुरेसे आहे.

सूर्याची जागाही विचारात घ्यावी. टायटसव्हिलमध्ये सकाळच्या उड्डाणांवेळी ऊन डोळ्यांवर येते, दुपारनंतर ते पाठीमागे जाते. उत्तरेकडे पाहणाऱ्या कोको बीचच्या रहिवाशांना ही अडचण सहसा येत नाही. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी होणाऱ्या प्रक्षेपणात जमिनीवर अंधार असतो आणि उंचावर पसरलेला धूर उन्हात उजळतो. असे दृश्य बऱ्याच दूरच्या घरातूनही दिसते.

आवाज

ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असल्याने २० किलोमीटरवरील घरापर्यंत गडगडाट जवळजवळ एक मिनिटाने पोहोचतो. डिसेंबर २०१५ पासून काही मोहिमांतील ‘फाल्कन ९’चा पहिला टप्पा केप कॅनाव्हरलच्या जमिनीवर परत उतरतो. त्या वेळी प्रक्षेपणानंतर सुमारे आठ मिनिटांनी ध्वनिस्फोट ऐकू येतो आणि खिडक्यांची तावदाने थरथरतात. रात्री-अपरात्रीची प्रक्षेपणेही नित्याची झाली आहेत. घरात तान्हे मूल, आजारी व्यक्ती किंवा पाळीव प्राणी असल्यास ही बाब दृश्याइतकीच महत्त्वाची आहे.

फारच जवळ राहण्याचे परिणाम टेक्सास राज्यात दिसले. बोका चिका येथे ‘स्टारशिप’च्या तळालगत असलेल्या लहानशा वस्तीतील घरमालकांना कंपनीने २०१९ मध्ये घरे विकत घेण्याचे प्रस्ताव दिले. २० एप्रिल २०२३ रोजीच्या पहिल्या पूर्ण उड्डाणात तळाचे काँक्रीट उखडले गेले आणि धूळ काही किलोमीटरवरील पोर्ट इसाबेल शहरापर्यंत पोहोचली. फ्लोरिडातील ३९ए परिसरातही ‘स्टारशिप’साठी मनोरा उभारण्यात आला आहे. त्यामुळे आजचा आवाज हाच उद्याचा आवाज असेल, असे गृहीत धरता येत नाही.

पूर, वादळ आणि विमा

ज्या मोकळ्या पाण्यामुळे दृश्य मिळते, तेच पाणी घराला धोका निर्माण करते. केप कॅनाव्हरल आणि कोको बीच ही शहरे समुद्र आणि खाडी यांच्यामधील वाळूच्या पट्ट्यावर वसली आहेत. २००४ मधील ‘फ्रान्सिस’ चक्रीवादळाने केनेडी केंद्रातील यान जोडणी इमारतीच्या बाह्य आवरणाचे मोठे नुकसान केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘निकोल’ चक्रीवादळ याच किनारपट्टीवर धडकले.

अमेरिकेत नेहमीच्या घरविम्यात पुराची भरपाई सहसा येत नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो आणि केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत तो सर्वसाधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. घराचा पूरक्षेत्रातील दर्जा, छताचे वय आणि विम्याचा वार्षिक हप्ता ही माहिती व्यवहारापूर्वीच मिळवावी. सदनिका असल्यास इमारतीच्या देखभालीचा निधीही तपासावा.

दृश्यावर मालकी नाही

शेजारच्या भूखंडावर उंच इमारत आल्यास दृश्य कायमचे जाऊ शकते. मियामी बीच येथील एका हॉटेलच्या वाढीव मजल्यांमुळे शेजारच्या हॉटेलच्या जलतरण तलावावर सावली पडत होती. या प्रकरणात फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने १९५९ मध्ये, शेजाऱ्याच्या जमिनीवरून येणाऱ्या उजेडावर व हवेवर कायदेशीर हक्क सांगता येत नाही, असा निर्णय दिला. म्हणून समोरच्या जागेची मालकी आणि तेथील अनुज्ञेय बांधकाम उंची स्थानिक नियोजन कार्यालयातून जाणून घेणे हिताचे ठरते.

प्रक्षेपणांचा वेगही कायम राहत नाही. जुलै २०११ मध्ये स्पेस शटल कार्यक्रम संपला, तेव्हा या भागातील हजारो नोकऱ्या गेल्या आणि मंदीने आधीच खचलेल्या घरबाजारावर आणखी ताण आला. अमेरिकेच्या भूमीवरून अंतराळवीर पुन्हा झेपावण्यास मे २०२० उजाडले.

भारतातील चित्र

आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा येथील सतीश धवन अवकाश केंद्र पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये आहे. जवळचे शहर सुल्लुरपेट सुमारे २० किलोमीटरवर असून सपाट भूभागामुळे तेथून प्रक्षेपण दिसते. निरभ्र हवेत चेन्नईतील गच्च्यांवरूनही ते पाहता येते. प्रक्षेपणांची संख्या फ्लोरिडाच्या तुलनेत खूपच कमी आहे, तसेच ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाचे ढग आड येतात. केवळ दृश्यासाठी घर घेण्यापेक्षा, २०१९ मध्ये खुल्या झालेल्या प्रेक्षागृहासाठी नावनोंदणी करणे सोयीचे आहे.

तमिळनाडूतील कुलशेखरपट्टिणम येथील नव्या केंद्राची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. तेथून लहान प्रक्षेपक श्रीलंकेला वळसा न घालता थेट दक्षिणेकडे जाऊ शकतील. या परिसरात भूखंड घेताना सुरक्षा क्षेत्राची सीमा आणि किनारी नियमन क्षेत्राचे नियम तपासणे अनिवार्य समजावे.

कोठेही घर घेण्यापूर्वी किमान दोन प्रक्षेपणे त्याच जागेवरून, शक्यतो एक दिवसा आणि एक रात्री पाहावीत. गर्दीच्या दिवशी पुलांवर होणारी वाहतूककोंडीही त्यातून कळते. शाळा, रुग्णालय, पाणी आणि विमा यांच्या कसोटीवर जे घर प्रक्षेपणाविनाही राहण्यायोग्य ठरते, तेच घेणे सुरक्षित.